पायथन आणि रस्टच्या घडणीत नव्या योगदानकर्त्यांचे स्वागत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पायथन किंवा रस्ट रोज वापरणारे, पण त्या भाषेच्या घडणीत हात घालावा की नाही या विचारात असलेले विद्यार्थी आणि अभियंते हे पहिले. एखादी भाषा, तिचा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) किंवा तिची साधने सांभाळणारे आणि नवी माणसे येतात पण टिकत नाहीत हे पाहून अस्वस्थ होणारे मेंटेनर हे दुसरे. उदाहरणे मुख्यतः सीपायथन, म्हणजे पायथनची सी भाषेत लिहिलेली मूळ अंमलबजावणी, आणि रस्टचा कंपायलर या दोन प्रकल्पांतली आहेत. दोघांनीही या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे आणि त्यांच्या चुकाही सर्वांसमोर झाल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रश्न: भाषेच्या प्रकल्पात शिरणे इतर ओपन सोर्स प्रकल्पांपेक्षा अवघड का वाटते?

यामागची दोन कारणे खरी आहेत आणि तिसरी आहे ती निव्वळ भीती. पहिले कारण चुकीच्या किमतीचे. वेबसाइटवरचे बटण चुकीच्या जागी गेले तर ते उद्या हलवता येते. भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतले फंक्शन एकदा प्रसिद्ध झाले, की जगभरचा कोड त्यावर उभा राहतो आणि मग त्याला हात लावणे कठीण होते. रस्टने १५ मे २०१५ रोजी १.० आवृत्ती काढताना स्थैर्याचे वचन दिले. ते पाळण्यासाठी मोठा बदल करण्याआधी ‘क्रेटर’ नावाच्या साधनाने सार्वजनिक पॅकेजेस नव्या कंपायलरने बांधून पाहिली जातात. इतकी खबरदारी घेणारे लोक नवख्याच्या चार ओळींकडेही बारकाईने पाहणारच, आणि त्या बारकाईचा अर्थ पुष्कळदा अविश्वास असा घेतला जातो.

दुसरे कारण रचनेचे आहे. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे तो बांधायला आधीचा तयार कंपायलर लागतो. त्याने नवा बांधायचा आणि त्या नव्याने पुन्हा पुढचा. हे टप्पे पहिल्या दिवशी कोणी समजावून सांगितले नाहीत, तर आपण बदललेली ओळ नेमकी कोणत्या टप्प्यात लागू झाली हेच कळत नाही.

तिसरी आहे ती भीती: कंपायलर हे पंडितांचे काम, आपले नव्हे. तिच्याविषयी पुढच्या उत्तरात.

प्रश्न: मी कंपायलरचा सिद्धांत शिकलेलो नाही. मला करण्यासारखे काही आहे का?

आहे, आणि थोडेथोडके नाही. सीपायथनमधला मोठा भाग म्हणजे शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली स्टँडर्ड लायब्ररी आहे. तारखा, फाइलींचे मार्ग, ईमेल यांची ही मॉड्यूल्स ज्याला पायथन येते त्याला वाचता येतात. त्यांच्या चाचण्या आणि त्यांचे डॉक्युमेंटेशन त्याच रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, असते.

मराठी वाचकाला जवळून पाहता येईल असे एक उदाहरण घेऊ. पायथन ३ मध्ये देवनागरी नावाचे व्हेरिएबल चालते, म्हणजे ‘वय’ या नावात किंमत ठेवता येते. ‘इंट’ या फंक्शनला अवतरणचिन्हांत “१८” दिले तर ते बिनतक्रार अठरा हा पूर्णांक देते, कारण ते युनिकोडमधले सर्व दशमान अंक ओळखते. मात्र कोडमध्ये थेट, अवतरणचिन्हांविना १८ लिहिले की पायथन थांबतो. ‘१’ हे चिन्ह अवैध आहे असे सांगतो आणि त्याचा युनिकोड क्रमांक छापतो. रस्टमध्ये “१८” या मजकुरापासून पूर्णांक करायला गेलात तर तिथेही त्रुटीच मिळते. हा फरक हेतुपुरस्सर आहे का, डॉक्युमेंटेशनमध्ये तो किती स्पष्ट लिहिला आहे, एरर मेसेज वाचून आठवीतल्या मुलाला पुढे काय करायचे ते कळेल का, हे प्रश्न विचारायला कंपायलरचा सिद्धांत लागत नाही. त्यासाठी देवनागरीत लिहिणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस त्या चर्चेत क्वचितच असतो.

एरर मेसेज हे फार मोलाचे क्षेत्र आहे. पायथन ३.९ मध्ये नवा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, आला आणि त्याच्या आधारावर २०२१ च्या ३.१० आवृत्तीत त्रुटींचे संदेश सुधारले. पूर्वी कंस बंद करायचा राहिला की भलत्याच ओळीकडे बोट दाखवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढेच सांगितले जाई; आता हा कंस बंदच झाला नाही असे तो कंस दाखवून सांगितले जाते. रस्टमध्ये तर गोंधळात टाकणारा संदेश हा बगच मानला जातो आणि तसा इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे केलेली तक्रार किंवा सूचना, नोंदवण्यासाठी वेगळा नमुना आहे. कोणता संदेश गोंधळात टाकतो हे भाषा कालपरवा शिकायला लागलेल्यालाच सर्वांत चांगले सांगता येते, कारण जाणत्याची नजर त्याला सरावलेली असते. नवखेपणाचा उपयोग फार थोडे दिवस टिकतो. तेवढ्यात आपल्याला जे जे अडले ते लिहून ठेवावे.

प्रश्न: ‘पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी’ असे लेबल लावलेले इश्यू सोपे असतातच असे नाही. असे का?

कारण लेबल लावणाऱ्याला ते सोपे वाटलेले असतात. ज्याला त्या फाइलीची बारा वर्षांची सवय आहे, त्याच्या अंदाजावर नवख्याने विसंबून राहणे धोक्याचे आहे. रस्टमध्ये म्हणूनच दोन वेगळी लेबले आहेत. ‘ई-ईझी’ म्हणजे काम सोपे आहे आणि ‘ई-मेंटॉर’ म्हणजे या इश्यूसाठी मार्गदर्शन करणारी व्यक्ती ठरलेली आहे. माझ्या मते दुसरे लेबल कितीतरी मोलाचे. अवघड काम सोबतीने होते. सोपे काम एकट्याने करताना अडले, की माणूस तिथेच सोडून जातो.

मेंटेनरांसाठी एक नमुना देतो. “पार्सरमधला संदेश सुधारायला हवा” एवढेच लिहिलेला इश्यू नवख्याच्या कामाचा नाही. तोच इश्यू असा लिहिता येतो: “हा संदेश अमुक फाइलीतल्या अमुक फंक्शनमध्ये तयार होतो. तिथे व्हेरिएबलचे नाव हाताशी आहे, पण ते संदेशात वापरलेले नाही. ते घालावे. अपेक्षित निकाल असा दिसावा. अशीच सुधारणा शेजारच्या फंक्शनमध्ये झालेली आहे, ती पाहावी. चाचणी या फोल्डरमध्ये लिहावी आणि ती एकटीच चालवण्याची आज्ञा ही. अडल्यास मला विचारावे. मी आठवड्यातून दोनदा इथे पाहतो.” हे लिहायला वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात तो बदल स्वतः करून मोकळे होता येते, हे मान्य आहे. पण तो स्वतः केला तर एक बदल मिळतो आणि लिहून ठेवला तर पुढे दहा बदल करणारा माणूस मिळण्याची शक्यता असते.

प्रश्न: इश्यू मी घेतला आहे हे कसे सांगावे?

रस्टमध्ये ‘रस्टबॉट’ या बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, उद्देशून ‘क्लेम’ असे लिहिले की इश्यू आपल्या नावावर होतो आणि तसाच सोडूनही देता येतो. सीपायथनमध्ये इश्यूखाली एक ओळ लिहून कामाला लागावे. घेतलेले काम जमले नाही तर सोडल्याचे सांगण्यात कमीपणा नाही. न सांगता गायब झाल्याने मात्र ते काम दुसऱ्या कोणालाच घेता येत नाही.

प्रश्न: बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणे, पूर्णच होत नाही. माझा लॅपटॉप साधा आहे. आता काय करू?

ही अडचण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची फार मोठी आहे आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप आणि मोबाइलचे हॉटस्पॉट एवढ्या सामग्रीवर रस्टचा कंपायलर त्याच्या एलएलव्हीएम या पायाभूत प्रकल्पासकट बांधायला घेतला, तर काही तास जातात आणि बरेचदा मेमरी संपून बिल्ड मधेच मरते. नवख्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले.

रस्टने यावर उपाय केले आहेत. प्रकल्पाच्या ‘एक्स’ या स्क्रिप्टला ‘सेटअप’ सांगितले की ती आपण कोणत्या भागावर काम करणार ते विचारते आणि त्याप्रमाणे मांडणी करून देते. बहुतेक नेहमीच्या मशीनसाठी एलएलव्हीएम आयते उतरवून घेता येते. आणि पूर्ण बिल्ड न करता ‘चेक’ एवढेच चालवले की टाइपच्या (किमतींच्या प्रकारांच्या) चुका लवकर कळतात. सीपायथन त्या मानाने हलका आहे. साध्या यंत्रावरही तो काही मिनिटांत बांधून होतो आणि सगळ्या चाचण्या न चालवता एकाच मॉड्यूलच्या चाचण्या चालवता येतात. म्हणून साधा लॅपटॉप असलेल्याने सीपायथनपासून किंवा रस्टच्या लहान साधनांपासून सुरुवात करावी असे मी सुचवतो. ‘क्लिप्पी’ हे सूचना देणारे साधन त्यासाठी चांगले आहे.

मेंटेनरांना एक विनंती: वर्षातून एकदा कोऱ्या मशीनवर, केवळ आपल्याच सूचना वाचून प्रकल्प बांधून पाहावा. जिथे आपल्याला आठवणीतली एखादी आज्ञा द्यावी लागते, तिथे नवखा अडकून परत गेलेला असतो.

प्रश्न: पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवून महिने झाले. कोणीच पाहिली नाही. माझे काम वाईट आहे का?

बहुतेक वेळा नाही. हा प्रश्न या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

सीपायथनमध्ये कोणत्याही दिवशी हजारो इश्यू आणि हजाराहून अधिक पुल रिक्वेस्ट उघड्या असतात. त्या मर्ज करण्याचा, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावून घेण्याचा, अधिकार असलेल्यांपैकी बहुतेक जण हे काम नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात करतात. कोड लिहिणारे पुष्कळ आहेत आणि तो तपासणारे, म्हणजे रिव्ह्यू करणारे, थोडे. सारी टंचाई तिथे आहे. त्यामुळे शांततेचा अर्थ नकार असा नसतो. पण पाठवणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो. एका प्रकल्पात माझी स्वतःची पहिली पुल रिक्वेस्ट सात महिने तशीच पडून होती. पहिले दोन महिने मी रोज पाहायचो, नंतर आठवड्याने, नंतर पाहणेच सोडले. शेवटी उत्तर आले तेव्हा ते सौजन्याचे होते, सुचवलेला बदलही अगदी छोटा होता. पण तोवर त्या फाइलीत मी काय विचार करून काय लिहिले होते तेच आठवेना. कठोर शब्दांनी गेलेली माणसे लक्षात राहतात, कारण त्यावर वाद होतो. उत्तर न मिळाल्याने गेलेली माणसे काहीही न बोलता जातात आणि त्यांची मोजदाद कुठेच होत नाही.

रस्टची पद्धत इथे अभ्यासण्यासारखी आहे. पुल रिक्वेस्ट उघडली की कोणत्या फाइली बदलल्या आहेत ते पाहून बॉट एका रिव्ह्यू करणाऱ्याचे नाव ठरवतो, नव्या माणसाचे स्वागत करतो आणि साधारण दोन आठवड्यांत उत्तर येईल असे सांगतो. सध्या चेंडू कोणाकडे आहे, रिव्ह्यू करणाऱ्याकडे की लिहिणाऱ्याकडे, हे दाखवणारे लेबलही तिथेच लागते. मुदत उलटली तर दुसऱ्या कोणाचे नाव सुचवण्याची सोय आहे. यात रिव्ह्यू लगेच झालेला नसतो, पण वाट किती पाहायची आणि कोणाची, हे माहीत असते, आणि माणूस टिकण्यासाठी तेवढे बहुधा पुरते.

नवख्याने स्वतःच्या बाजूने काय करावे तेही सांगतो. सीपायथनच्या डेव्हलपर गाइडमध्ये कोणत्या मॉड्यूलची जाण कोणाला आहे याची सूची आहे. तिच्यात काही मॉड्यूल्ससमोर नावच नसते. पहिले काम शक्यतो अशा ठिकाणी घेऊ नये, कारण तिथे दिवा लावणाराच कोणी नाही. पुल रिक्वेस्ट लहान ठेवावी. एकात एकच बदल असावा. काही आठवडे गेल्यावर एक सभ्य आठवण करावी. मध्यंतरी इतरांच्या पुल रिक्वेस्ट वाचून, त्या आपल्या यंत्रावर चालवून, काय दिसले ते तिथे लिहावे. अधिकार नसतानाही असा रिव्ह्यू करता येतो, त्याने टंचाई थोडी कमी होते आणि आपले नाव ओळखीचे होते.

प्रश्न: रिव्ह्यूची भाषा कशी असावी?

कामाविषयी असावी, कारण सांगणारी असावी आणि पुढचे पाऊल दाखवणारी असावी. “हे चूक आहे” यापेक्षा “यादी रिकामी असेल तर इथे अपवाद उठेल, रिकाम्या यादीची एक चाचणी जोडून पाहा” हे लिहिणे कितीतरी उपयोगी. केवळ आवडीनिवडीचा मुद्दा असेल तर तो तसाच सांगावा, म्हणजे नवखा त्याला अटळ समजून दोन रात्री घालवणार नाही. किरकोळ दुरुस्तीसाठी पाचवी फेरी करायला लावण्याऐवजी ती मेंटेनरने स्वतः करून मर्ज करावी आणि काय केले ते लिहावे.

नकार द्यायचा असेल तर लवकर द्यावा. चार महिने सुधारणा करवून घेऊन शेवटी “हा बदल आम्हाला मुळात नकोच आहे” असे सांगणे हा अन्याय आहे, मग शब्द कितीही गोड असोत.

प्रश्न: बॉटमुळे प्रकल्प रूक्ष होत नाही का?

उलट अनुभव आहे. यंत्राने सांगण्यासारख्या गोष्टी माणसाने सांगितल्या की त्या टोचतात. मोकळी जागा जास्त झाली हे एखाद्या जाणत्याने सांगणे आणि यंत्राने सांगणे यात फरक आहे.

सीपायथनचा इतिहास इथे उद्बोधक आहे. फेब्रुवारी २०१७ पर्यंत त्याचा कोड मर्क्युरिअल या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात होता आणि बाहेरच्या माणसाला आपला बदल पॅच फाइल म्हणून इश्यूला जोडावा लागे. प्रकल्प गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आला तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे आली. प्रत्येक बदलाची नोंद बातम्यांच्या एकाच मोठ्या फाइलीत करायची पद्धत होती. दोन पुल रिक्वेस्ट एकाच वेळी त्या फाइलीच्या एकाच जागी लिहीत, त्यामुळे एक मर्ज झाली की दुसरीत संघर्ष उभा राही. कोड अगदी बरोबर असूनही नवख्याला गिटशी झुंजावे लागे. ‘ब्लर्ब’ नावाच्या छोट्या साधनाने हा प्रश्न मिटवला. आता प्रत्येक बदलाची नोंद स्वतंत्र लहान फाइलीत जाते आणि आवृत्ती निघताना त्या एकत्र होतात. त्याच सुमारास जुन्या आवृत्त्यांत बदल नेण्याचे कंटाळवाणे काम ‘मिस इस्लिंग्टन’ हा बॉट करू लागला. यांपैकी कोणत्याही साधनावर ‘स्वागत’ असा शब्द लिहिलेला नाही, पण नव्या माणसाच्या वाटेतले दगड त्यांनी उचलले. इश्यूदेखील २०२२ मध्ये गिटहबवर आले आणि वेगळ्या ठिकाणी खाते उघडण्याची गरज संपली.

प्रश्न: मला भाषेत नवे वैशिष्ट्य सुचवायचे आहे. तिथूनच सुरुवात करू का?

शक्यतो करू नये. पायथनमध्ये असा प्रस्ताव ‘पेप’ म्हणून आणि रस्टमध्ये ‘आरएफसी’ म्हणून लिहावा लागतो. गाभा चमूबाहेरच्या, म्हणजे मर्जचा अधिकार नसलेल्या, माणसाला पेपसाठी त्या चमूतला पुरस्कर्ता मिळवावा लागतो. ही अट जाचक वाटली तरी तिच्यामुळे निदान एक जाणता माणूस प्रस्तावाच्या बाजूने उभा असतो. या चर्चा किती दमवणाऱ्या होतात याचे उदाहरण म्हणजे पेप ५७२. अभिव्यक्तीच्या आतच किंमत ठेवण्याच्या त्या प्रस्तावावरून इतका वाद झाला, की तो मंजूर केल्यानंतर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक खिदो व्हान रोसम यांनी अंतिम निर्णय देण्याची आपली भूमिका सोडली. त्यानंतर पाच जणांची निवडून आलेली सुकाणू समिती आली, आणि एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य तिच्यात असू नयेत असा नियम झाला. जिथे भाषेच्या निर्मात्याची दमछाक झाली, तिथे पहिल्या महिन्यात उतरू नये. आधी वर्षभर इतरांचे प्रस्ताव वाचावेत.

प्रश्न: आचारसंहितेची खरोखर गरज आहे का? सभ्य माणसे सभ्यच वागतात.

ज्याला प्रकल्पात सगळे ओळखतात त्याला ती गरज भासत नाही. जो कोणालाच ओळखत नाही त्याला भासते. आपल्याशी कोणी वाईट वागले तर कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर काय होईल, हे त्याला आधी लिहिलेले हवे असते. रस्टकडे १.० च्या आधीपासून आचारसंहिता होती आणि ती अमलात आणणारा चमूही होता. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये तो संपूर्ण चमू पायउतार झाला, कारण त्या वेळचा मुख्य चमू स्वतः कोणालाच उत्तरदायी नाही असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर रस्टने कारभाराची नवी रचना आखली आणि २०२३ मध्ये नेतृत्व परिषद स्थापन केली. नियम वरच्यांनाही लागू असले तरच नवख्याचा त्यांवर विश्वास बसतो.

प्रश्न: स्त्रियांचा सहभाग इतका कमी का, आणि त्यासाठी काय केले गेले?

पायथनची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गाभा चमूत पहिली स्त्री आली २०१७ मध्ये. मधली २६ वर्षे कोणी दरवाजाला कुलूप लावले नव्हते, पण दरवाजा नुसता उघडा ठेवणे पुरत नाही हेच त्यातून दिसते. २०१५ च्या पायकॉन या पायथन परिषदेत खिदो यांनी गाभा चमूत स्त्रिया हव्यात आणि त्यासाठी मी स्वतः शिकवायला तयार आहे असे जाहीर केले. पुढे मारियाट्टा विजया यांनी त्यांना लिहिले, मार्गदर्शन घेतले आणि त्या चमूत आल्या. वर उल्लेख केलेला मिस इस्लिंग्टन हा बॉट त्यांनीच तयार केला. म्हणजे ज्या व्यक्तीला आत यायला हाक मारावी लागली, तिनेच नंतर येणाऱ्या सर्वांची वाट सोपी केली. “सर्वांचे स्वागत आहे” या वाक्यापेक्षा “तुम्ही या, मी शिकवतो” या वाक्याने माणसे येतात.

प्रश्न: माझे इंग्रजी कच्चे आहे. चालेल का?

चालेल. पुल रिक्वेस्टचे वर्णन तीन छोट्या वाक्यांत बसते: आधी काय होत होते, आता काय होते आणि ते कोणत्या चाचणीने दिसते. अलंकारिक इंग्रजी तिथे कोणालाच नको असते. मेंटेनरांनीही नवख्याच्या व्याकरणाकडे न पाहता चाचणीकडे पाहावे आणि स्वतः वाक्प्रचार टाळून साधे लिहावे.

इंग्रजीबाहेरचे कामही मोठे आहे. पायथनचे डॉक्युमेंटेशन इतर भाषांत नेण्याची अधिकृत पद्धत पेप ५४५ मध्ये दिलेली आहे. जपानी, फ्रेंच, कोरियन अशी भाषांतरे मूळ पानांच्या शेजारीच उपलब्ध आहेत. भाषांतर त्या यादीत येण्यासाठी शिकवणीचा भाग, बग कसे नोंदवावेत हे पान आणि अंगभूत फंक्शन्सचे पान पूर्ण असावे लागते. जळगाव किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातला चार-पाच जणांचा गट हे काम हाती घेऊ शकतो. शब्दांच्या निवडीत मात्र जपावे. ‘चल’, ‘कार्य’, ‘संकलक’ हे शब्द पुस्तकात शोभतात, पण वर्गात मुले ‘व्हेरिएबल’, ‘फंक्शन’, ‘कंपायलर’ म्हणतात; वाचणाऱ्याला पुढे इंग्रजी एरर मेसेजशी सांगड घालायची आहे हे विसरू नये.

प्रश्न: प्रमाणपत्रासाठी किंवा टी-शर्टसाठी आलेल्या विद्यार्थ्यांचे काय करावे?

२०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्यावर टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, निरर्थक पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला, की सहभागी व्हायचे की नाही हे प्रकल्पांनी आधी स्वतः सांगावे असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी त्यांना काय सांगितले गेले ते पाहावे. “चार पुल रिक्वेस्ट करा” असे सांगितले तर ते चारच करतील. महाविद्यालयांच्या क्लबांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की संख्या मोजू नका. सहा आठवडे एकाच मॉड्यूलवर बसा, त्याच्या चाचण्या वाचा, एक बग पुन्हा घडवून दाखवा आणि तो कसा घडवायचा ते नीट लिहा. मर्ज काहीच झाले नाही तरी चालेल.

प्रश्न: एआयने लिहिलेला कोड पाठवावा का?

स्वतःला समजला नसेल तर अजिबात पाठवू नये. रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ ही प्रकल्पाची सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. न वाचलेला कोड पाठवणारा तो वेळ दुसऱ्या नवख्याकडून काढून घेतो. “इथे ही अट का?” या प्रश्नाला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता आले पाहिजे. शिकण्यासाठी, फाइल समजून घेण्यासाठी ही साधने जरूर वापरावीत.

प्रश्न: या कामाचे पैसे मिळतात का?

काहींना मिळतात. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स कामासाठी मानधन देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि पायथनशी संबंधित प्रकल्प त्यात अनेक वर्षे आहेत. २०२१ मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने पूर्णवेळ पगारी ‘डेव्हलपर इन रेसिडेन्स’ नेमला, आणि साचलेल्या पुल रिक्वेस्टकडे पाहणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. पण एका कंपनीच्या भरवशावर राहण्यात धोका असतो. सुरुवातीला रस्टला पाठबळ देणाऱ्या मोझिला या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे २५० जणांना कमी केले, त्याची झळ रस्टवर काम करणाऱ्यांनाही बसली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्ट फाउंडेशन स्वतंत्रपणे उभे राहिले.

प्रश्न: अधिकार केव्हा मिळतो?

नवख्याला आत घेणे आणि त्याला अधिकार देणे यांत अंतर फार असेल तर माणसे मधल्या वाटेवर थकतात. सीपायथनमध्ये मधली पायरी आहे: इश्यूंना लेबल लावण्याचा आणि ते बंद करण्याचा अधिकार असलेला ट्रायाज चमू. गाभा चमूत येण्यासाठी सध्याच्या सदस्यांच्या मतदानात दोन तृतीयांश मते लागतात. रस्टमध्ये एक छोटी पण फार चांगली सोय आहे. रिव्ह्यू करणारा ‘बॉर्स’ या मर्ज करणाऱ्या बॉटला सांगून, त्या एका पुल रिक्वेस्टपुरता मर्जचा अधिकार लिहिणाऱ्यालाच देऊ शकतो: “एवढी ओळ दुरुस्त कर आणि तूच मर्ज कर.” असा विश्वास पहिल्यांदा मिळालेला माणूस तो दिवस विसरत नाही.

नाव नोंदवण्यालाही महत्त्व आहे. सीपायथनच्या रिपॉझिटरीत योगदान देणाऱ्यांच्या नावांची वर्णानुक्रमाने एक साधी फाइल आहे. रस्टचे आभारांचे पान प्रत्येक आवृत्तीमागची नावे दाखवते. तिथे एका शब्दाची दुरुस्ती करणारा आणि कंपायलरचा अर्धा भाग लिहिणारा शेजारी शेजारी असू शकतात.

प्रश्न: आमची भाषा लहान आहे, मेंटेनर दोघेच आहेत. यातले सगळे आम्हाला जमणार नाही. काय करावे?

सगळे करू नये. आठवड्यातला एक तास ठरवावा आणि त्या तासात फक्त नव्या माणसांना उत्तरे द्यावीत. उत्तर “पाहिले, पुढच्या महिन्याआधी वेळ होणार नाही” एवढेच असले तरी चालेल. तीनच इश्यू नीट, वर दिलेल्या नमुन्याप्रमाणे लिहून ठेवावेत आणि एक संपला की नवा लिहावा. बिल्डच्या सूचना ज्याने नुकत्याच वापरल्या त्यालाच त्या सुधारायला सांगाव्यात, म्हणजे त्याचे पहिले काम आपोआप मिळते. आणि दोघांपैकी एक जण महिनाभर नसणार असेल, तर ते रीडमी या प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहावे.